छातीतली सळई

“खरं सांग रत्नमाला, पोरीले काय उचलाले लावलं तू?”

संघदीपच्या आवाजात राग असता तर तिनं तो सोसला असता. पण त्यात संशय होता... थंड, आधीच निवाडा करून बसलेला. खाटेवर त्याच्या पहिल्या बायकोची पंधरा वर्षांची लेक उज्ज्वला डावी बरगडी धरून बसली होती. कातडीखाली एक टेंगूळ वर आलं होतं.

जन्मापासून उज्ज्वलाची छाती मधोमध वाटीसारखी खोल. चार पायऱ्या चढली की तिला धाप लागायची. नागपूरच्या डॉक्टरांनी दोन्ही काखांखाली लहानसे छेद घेऊन छातीच्या हाडामागून एक वाकवलेली स्टीलची सळई सरकवली होती, आणि ती फिरू नये म्हणून डावीकडे बरगडीशी स्टीलचीच एक छोटी पट्टी बांधली होती. “या पट्टीच्या आधारावर सळई टिकते. तीन महिने वजन उचलायचं नाही, अंगाला पीळ द्यायचा नाही, कुशीवर झोपायचं नाही,” असं त्यांनी बजावलं होतं. मेडशीला परतून पाच आठवडे झाले नाहीत, तोच सळई हलली होती.

“ते काय सांगते?” सासू भागिरथाबाई म्हणाल्या. “सावत्र ते सावत्र. पाण्याचे हंडे-गुंड भराले लावले असन.”

लग्नाला दोन वर्षं झाली, तरी त्या उज्ज्वलाच्या ताटातली भाजी आधी स्वतः चाखून पाहायच्या. रत्नमालेनं तेही मुकाट गिळलं होतं.

आणि सत्य तर तिलाच ठाऊक होतं. गेल्या मंगळवारी ती तुरीच्या वावरातून परतली, तेव्हा चक्कर येऊन पडलेल्या भागिरथाबाईंना उज्ज्वला न्हाणीतून दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणत होती. म्हातारीला शुद्ध नव्हती. डोळे उघडले तेव्हा उशाशी सून दिसली, एवढंच तिला आठवत होतं.

“बाबा, मी...” उज्ज्वलाचे ओठ हलले.

रत्नमालेनं तिच्याकडे रोखून पाहिलं आणि पोर गप्प झाली. मायविना लेकराला या म्हातारीनं पोटाशी धरून वाढवलं होतं. आपल्याचपायी नातीच्या जिवावर बेतलं हे कळलं, तर ते थकलेलं काळीज तगेल का?... पण ती नजर संघदीपनंही पाहिली होती. पोरीला दटावते आहे, असंच त्याला वाटलं.

“चुकलं माह्यं,” ती म्हणाली.

“मंग नागपूरले येऊ नको तू. माहेरी जाय.”

जऊळक्याला भावाच्या घरी तिनं आठ दिवस काढले. पुन्हा ऑपरेशन झालं का, पोर कशी आहे, कोणी कळवलं नाही. संघदीपला लावलेला प्रत्येक फोन नुसताच वाजत राहिला. नवव्या दिवशी दुपारी भागिरथाबाई एकट्याच दारात उभ्या! पोरीचं काही बरंवाईट... की आणखी एखादा आळ घेऊन आल्या?

“उज्ज्वला बरी हाये ना, आत्याबाई?”

“बरी हाये. बांधलेली पट्टी सुटली व्हती. आता दोनी बाजूनं पट्ट्या बसवल्या.” म्हातारी उंबऱ्यावरच बसली. “ऑपरेशनच्या आधी डाक्टरनं तिले इचारलं, कोणतं वजन उचललं व्हतं? पोरगी रडत म्हणे... आजी.”

रत्नमालेनं डोळे मिटले.

“मीच ते वजन, रत्ना. अन् मी तुलेच... कायले गप्प राह्यली व तू?”

“तुमी खचल्या असत्या.”

“मंग आता काय झालं? आता दोघीच्या वाट्याचं रडणं माह्या पदरात पडलं.” म्हातारीनं हात जोडायला वर केले, रत्नमालेनं ते मधेच धरले. पण आठ दिवसांचं दुःख इतक्या सहज ओसरणार नव्हतं.

“मले राग हाये तुमचा,” ती हलकेच म्हणाली. “त्यायचा तं लयच.”

“असू दे. त्यानं यावं म्हणून म्या लय सांगितलं, पण तुह्यासमोर उभं राहाची हिंमत नाही झाली त्याची.” भागिरथाबाईंनी तिचं मनगट धरलं. “राग संग घेऊन चाल, बाई... पण चाल.”

मग रत्नमाला उठली, आणि तिनं संघदीपला फोन लावला. पहिल्याच रिंगला त्यानं उचलला.

“मी येऊन राह्यली,” ती म्हणाली. “तोवर तिले कुशीवर झोपू देऊ नका.”