कुरनूरकर महालाच्या चुन्याची साक्ष

शके १९७३, माघ शुद्ध पंचमी, सकाळचे अकरा. स्थळ: सोलापूर, कुरनूरकर महालाच्या तळघरात उभारलेली तात्पुरती प्रयोगशाळा.

ही तपासणी चन्नबसव अण्णा कुरनूरकरांनी स्वतःच्या आग्रहाने मागवली होती. त्यांचे पणजोबा, गिरणीमालक संगप्पा, यांनी हा महाल बांधला. वास्तुशांत होताच थोरले बंधू विरूपाक्षप्पा प्लेगने वारले आणि कुळाचाराप्रमाणे त्यांना तळघरात बसती समाधी देऊन दार चिणण्यात आले, असे घराणे सांगे. धाकट्याने थोरल्याचा काटा काढला, असे गाव सांगे. गावाचे तोंड एकदाचे बंद व्हावे, एवढीच अण्णांची इच्छा होती.

"बाई, चुना पानाला लावतात," ते रसायनज्ञ डॉ. हेमलता बोरामणीकरांना म्हणाले. "तुम्ही तर त्याला साक्षीला उभं केलंत."

"साक्षीदार सरळ आहे, अण्णा. ओला चुना कर्बवायू शोषून दगड होतो. वरून आत, थरामागून थर. समाधीच्या आतल्या गिलाव्याचं आम्ही श्वासस्तरमापन केलं, म्हणजे कोणत्या थरात कसला श्वास मुरला ते मोजलं. भात खाणाऱ्याच्या श्वासातला कर्ब हलका असतो, ज्वारी खाणाऱ्याचा जड."

"प्रेत कुजतं, त्यातूनही वायू निघतो."

"निघतो. त्यानं नखाएवढा थर धरला असता. इथं चार बोटं धरला आहे."

"भिंतीला झरोका आहे. हवा येते."

"हवेतला कर्ब ज्वारीहूनही जड. तो वजा केला आहे." त्यांनी आलेख पुढे सरकवला. "सुरुवातीला चार वर्षं भात. मग तीन वर्षं ज्वारी. मग दोन वर्षं पुन्हा भात. त्यापुढे नुसती हवा."

अण्णांनी आलेखावरच्या ज्वारीच्या पट्ट्यावर बोट ठेवले.

"चौथ्या वर्षी गिरणी जळाली," ते म्हणाले. "ती पुन्हा सुरू होईस्तोवर पणजोबांनी भात सोडला. तीन वर्षं घरात भाकरीच. समाधीच्या नैवेद्यालाही."

"नैवेद्य कोण नेई?"

"ते स्वतः. झरोक्यात ठेवून येत. दुसऱ्या कुणाला ही पायरी उतरायची मुभा नव्हती."

"कुठवर?"

"नवव्या वर्षी ते पेढीवर बसल्या बसल्या गेले. कुणाशी एक शब्द बोलायला सवड मिळाली नाही."

"मग ताट?"

"सुतकात नैवेद्य कसला?" अण्णांचा आवाज खाली आला. "घरातली माणसं तेव्हा प्रथमच इथं उतरली. आतून हुंकार ऐकू आला. समाधी जागृत झाली म्हणून त्यांनी दारापुढं सात दिवस टाळमृदंग वाजवला. आठव्या दिवशी ती शांत झाली. तो सप्ताह आम्ही दरवर्षी करतो, बाई. मीच पुढं बसतो."

हेमलताबाईंनी अहवालाचा कागद समोर ओढला. मृत्यूच्या कारणाचा रकाना अजून कोरा होता. त्या काही विचारणार, तोच अण्णा उठून उभे राहिले.

"लिहा," ते म्हणाले. "विरूपाक्षप्पा उपासमारीनं वारले."