आत्याचा रकाना

१२ मार्च, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. संशोधन केंद्राची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधोमध अडकली. आत एक तरुण संशोधक आणि छातीशी कवटाळलेले शहाण्णव कोरे फॉर्म.

लिफ्ट दुरुस्त करणारीने दार सरकवले, ग्रीसने माखलेला हात पुढे केला. तो धडपडत बाहेर आला; फॉर्म मात्र जमिनीभर पसरले. वेचता वेचता तिने एक वाचला. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिक धोका... आई, बहीण, मावशी, आईची आई.

“आणि आत्या?”

“अं... जुन्या फॉर्मवरून उतरवला—”

“माझ्या दोन्ही आत्या याच दुखण्याने गेल्या. त्या काय आकाशातून पडल्या होत्या?”

त्याचे कान लाल झाले. “सदोष जनुक वडिलांकडूनही येतं. मला पाठ आहे हो!”

“पाठ असून काय उपयोग, साहेब? रकाना वाढवा. पहिला फॉर्म मी भरते.”

रकाना वाढला, तिचे रक्त तपासणीला गेले. निकालाला सहा आठवडे होते. तेवढ्या काळात ठणठणीत चालणाऱ्या त्या लिफ्टची सहा वेळा पाहणी झाली आणि प्रत्येक वेळी संशोधकाला नेमके खाली काम निघाले.

काकांनी तिला बजावले, “निकाल वाईट आला तर कुठे बोलू नकोस. स्थळं फिरकायची नाहीत.”

“काका, लपवून मिळवलेला नवरा मला नको.”

निकालाच्या दिवशी ती डॉक्टरांच्या खोलीतून ताठ मानेने बाहेर आली. तो दाराशीच उभा होता.

“दोष आहे,” ती म्हणाली. “कीव केलीत तर पुन्हा लिफ्टमध्ये कोंडीन.”

“कीव नाही... स्वतःचा राग येतोय. निकालाआधी, कालच विचारायला हवं होतं.” त्याने तिच्या घराण्याचा तक्ता उलगडला. त्यात बायकांना वर्तुळे, पुरुषांना चौकोन. “तुमच्या वर्तुळाशेजारी एक चौकोन... काढू?”

तिने त्याच्याच हातातले पेन ओढून घेतले.

“शाई आहे, खोडता येणार नाही. दर सहा महिन्यांनी तपासणी, कदाचित शस्त्रक्रियाही. मी कशालाच भीत नाही. तुम्हाला पळायचं असेल तर जिना तिकडे आहे.”

“मी लिफ्टने जातो,” तो म्हणाला. “तू चालवणार असशील तर.”

तिने चौकोन काढला, ठसठशीत.

वर्षअखेरची नोंद : केवळ आत्याच्या रकान्यामुळे वेळेत धोका कळलेल्या स्त्रिया, संशोधकाच्या पत्नीसह, एकोणीस.