ओळखीचा पेशंट

कॉलेजच्या जिन्याच्या वळणावर एक तरुण कठडा घट्ट धरून धापा टाकत होता. पांढरा कोट सावरत ती धावतच त्याच्याजवळ पोचली.

"खाली बसा! इन्हेलर आहे ना जवळ? आधी श्वास पूर्ण सोडा, मग दाबता दाबता हळू आत ओढा, दहा आकडे मोजेपर्यंत रोखा, आणि नंतर चूळ भरायला विसरू नका!"

त्याची धाप एकदम थांबली.

"अहो, अशानं तुम्हालाच धाप लागेल," तो म्हणाला. "माफ करा... मी तालीम करत होतो."

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला पेशंटशी बोलण्याची परीक्षा असायची, आणि त्यासाठी कॉलेज नाटकातली माणसं खोटे पेशंट म्हणून बोलवायचं. हा त्यातलाच.

"लाज नाही वाटत?"

"वाटते ना. पण तुम्ही इतक्या मनापासून ओरडत होतात... मध्येच थांबणं जिवावर आलं."

तिने मान वळवली. हसू दिसू नये म्हणून.

खरं तर तिला हसण्यासारखे दिवस नव्हते. गेल्या वर्षी याच परीक्षेत ती नापास झाली होती. औषधांची नावं, मात्रा, दुष्परिणाम, सगळं तोंडपाठ. पण बोलायला लागली की आगगाडी सुटायची. "नुसती पोपटपंची," परीक्षा घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या. "पेशंटने तुला काय विचारलं, ते तुला ऐकूच गेलं नाही." या खेपेलाही तसंच झालं असतं, तर हॉस्पिटलच्या वॉर्डातलं प्रशिक्षण हातचं गेलं असतं. घरी बाबा वर्षभर एकच म्हणत होते, "गोळ्या द्यायला एवढं काय शिकायचं असतं?" त्यांना तिला तोंडाने नाही, पास होऊन उत्तर द्यायचं होतं.

दोन दिवसांनी तिने त्याला कॉलेजच्या दारातच गाठलं. "मला सराव हवाय. रोज. दया दाखवायची नाही."

"दया?" तो हसला. "रडवीन तुम्हाला."

आणि खरंच, रोज दुपारी रिकाम्या वर्गात तो तिला घाम फोडायचा. कधी ठार बहिरे आजोबा, कधी "मला शिकवतेस होय गं?" म्हणत अंगावर येणाऱ्या आत्याबाई. ती चुकायची, चरफडायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. आठवडाभरात 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

एकदा तिने विचारलं, "गोळ्या वेळेवर घेता ना?"

"घेतो."

तिने कागदावर खूण केली.

"खोटं बोललो मी," तो शांतपणे म्हणाला. "तू कागदाकडे बघत होतीस."

"मग कुठे बघू?"

"इकडे."

तिने पाहिलं. त्याच्या डाव्या भुवईत जुन्या जखमेची बारीक रेघ होती. डोक्यावर पंखा कुरकुरत होता.

"आता सांगा," तिचा आवाज आपोआप हळू झाला, "गोळ्या का चुकतात?"

"कारण..." तो पुढचं विसरला. कानशिलापर्यंत लाल झाला. "आज... आज इथेच थांबू या."

परीक्षेच्या पाच दिवस आधी कोणाला कोणता पेशंट, याची यादी लागली. तिचा पेशंट — तोच!

"आता काय, डोळे मिटून पास!" तो खुशीत म्हणाला.

ती वळली. तडक मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, माझा पेशंट बदला."

"वेडी आहेस का? एकदा नापास झालीयेस."

"म्हणूनच. उद्या वॉर्डात कोणी ओळखीचं भेटणार नाही मला."

मॅडमनी चष्मा खाली केला. "ओळख आहे तुमची?"

"ओळखीपेक्षा... जरा जास्त आहे."

"त्याला ठाऊक आहे?"

"अजून नाही."

मॅडमनी यादीवर रेघ मारली. हसल्या की नाही, ते तिला कळलं नाही.

तिनेच आपल्याला नको म्हटलं, एवढंच त्याच्या कानावर आलं. तो सरावाला यायचा बंद झाला. पाचही दुपारी ती रिकाम्या खुर्चीसमोर बसून एकटीच बोलत राहिली.  अडखळली की पुन्हा सुरुवात करायची.

परीक्षेला समोर आल्या एक करारी बाई. रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल विचारताच म्हणाल्या, "घेते की!" पण त्यांची बोटं पर्सच्या पट्ट्याला पीळ देत होती. तिने पेन खाली ठेवलं आणि थांबली. तिच्यासारखी मुलगी, चक्क गप्प बसली.

"चक्कर येते गं," बाई अखेर पुटपुटल्या. "म्हणून सोडल्या."

"बरं झालं सांगितलंत. पण मनाने बंद नका करू. आपण डॉक्टरांशी बोलू. तोवर उठताना सावकाश उठा. जमेल?"

संध्याकाळी निकाल लागला. पास! वॉर्डातली जागाही पक्की.

बसथांब्यावर तो पाठमोरा उभा होता.

"अभिनंदन," तो वळून म्हणाला. "माझ्यावर एवढाही विश्वास नव्हता?"

"तुझ्यावर होता. स्वतःवर बसायचा होता. आणि..." ती अडखळली, पण मागे हटली नाही. "तू मला आवडतोस. आवडत्या माणसाच्या हातून पास व्हायचं नव्हतं मला."

तो बघतच राहिला. "हे पाच दिवसांपूर्वी सांगता आलं नसतं? नीट जेवलोसुद्धा नाही मी!"

"आधी परीक्षा होती."

"धन्य आहेस!" त्याने कपाळावर हात मारला, आणि मग तोच हात तिच्यापुढे धरला. "मला तर तू जिन्यातच आवडली होतीस."

तिने हात हातात घेतला. बस आली, गेली. दुसरी आली. तीही त्यांनी जाऊ दिली.