उलटं पाणी

घडीचा कॅम्पर म्हणजे चाकांवरची पेटी. हँडल फिरवलं की छत वर जातं, दोन्ही बाजूंनी बिछाने बाहेर येतात आणि मधे ओंजळीएवढं सिंक. हा जुनाट कॅम्पर मी घेतला तो मॅव्हिससाठी. माझ्या बायकोला एक उन्हाळा सुपीरियर सरोवराच्या काठी काढायचाच होता. पाण्याच्या कामाला मात्र मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. मेकॅनिक लोक एक दुरुस्त करतात आणि दोन बिघडवून ठेवतात.

सरोवराकाठच्या कॅम्पवर मुक्काम टाकला आणि तिथल्या नळाची नळी मी कॅम्परच्या बाहेरच्या तोंडाला जोडली. पाणी आत जाईना. त्या तोंडात एक झडप असते. ती पाणी आत घेते, बाहेर सोडत नाही. ती गंजून बसली होती. नळ बंद केला आणि स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून झडप काढूनच टाकली. आमच्या मिशिगनमध्ये निम्मे लोक हेच करतात.

हिवाळ्यात पाइप फुटू नयेत म्हणून आम्ही त्यांत गुलाबी अँटिफ्रीझ भरून ठेवतो. हंगामाच्या सुरुवातीला आधी ते बाहेर यायला हवं. मी सिंकचा हातपंप मारला. गुलाबी थेंबसुद्धा आला नाही. कॅम्पचा नळ बंद होता, टाकीत उंदरांचं वाळकं घरटं होतं, तरी नितळ पाणी आलं. इतकं गार की बोटं बधिर झाली.

"पिऊ नकोस ते!" मी ओरडलो.

"किती रे कटकट करतोस, व्हर्न!" मॅव्हिसने ग्लास रिकामासुद्धा केला. "अगं बाई, काय गोड आहे!"

ते पाणी धुऊन काढावं म्हणून मी बाहेर जाऊन कॅम्पचा नळ पूर्ण सोडला. नळी ताठ झाली. हात लावून पाहिलं, तर धार उलटी वाहत होती. कॅम्परमधून नळाकडे, म्हणजे सगळ्या कॅम्पच्या पाइपात. चडफडत नळ बंद केला, तरी नळी धडधडतच राहिली.

परत आलो तर मॅव्हिस दारात उभी.

"काय हवंय?"

"काय हवंय म्हणजे? सरक, आत येऊ दे."

"माझा नवरा येईल आता. त्याच्या आत इथून टळा."

मला थट्टा वाटली. मी हसलो. तिने माझाच हातोडा उचलला.

गावातल्या आमच्या मुलीला, ट्रिनाला, फोन केला. "तुझ्या आईला काहीतरी झालंय गं. ताबडतोब नीघ." बोलता बोलता मला रडू फुटलं.

शेजारी डेल कॉफी पीत बसला होता. कॅम्पची देखरेख तोच करतो. सकाळी त्यानेच आम्हाला आग्रह करकरून पॅनकेक वाढले होते.

"डेल, जरा ये रे इकडे!"

त्याने शेवटचा घोट घेतला आणि सरपणाची कुऱ्हाड हातात घेतली. "त्या बाईच्या वाटेला जाऊ नकोस."

त्याच्या मागून बाकीचेही आले. कुणाच्या हातात कप, कुणाच्या हातात ग्लास.

"मॅव्हिस, मी व्हर्न आहे गं!"

दार लागलं.

पिक-अपमध्ये बसून मी निघून जाऊ शकत होतो. पण हिला या लोकांत टाकून?

खिडकीच्या जाळीची चेन उघडली. तिचा हात बाहेर आला. हातात ग्लास होता.

"पी. नाहीतर जा."

हिच्याशिवाय मी कुठे जाणार होतो?

प्यायलो. खरंच गोड आहे.

दार उघडलं. "होतास कुठे इतका वेळ?" म्हणत मॅव्हिसने माझ्या गळ्यात हात टाकले. जीव भांड्यात पडला. लोक आपापल्या खुर्च्यांवर जाऊन बसले.

दुपारी एक गाडी आली. एक तरुण बाई धावतच उतरली. "बाबा! आई कशी आहे? फोनवर तू रडत होतास..."

बाबा म्हणे! कोण कुठली, सरळ अंगावरच आली. असा संताप आला मला! पण बाई उन्हातून आली होती. मी ग्लास भरून तिच्यापुढे धरला.

"नको," ती म्हणाली.

डेल खुर्चीतून उठला.