पाय नको, वांगं घाला!

भंडाऱ्याच्या ग्राहक आयोगाच्या जिन्यावर रेणूचा डावा पाय अर्ध्यातच रुसला. भाजलेल्या जागी नवी कातडी आली होती खरी, पण जरा जोर पडला की ती कुरकुर करायची. कठडा धरून रेणू थांबली. बाहेर श्रावणाची भुरभुर चालू होती आणि बाबा खाली कुणाला तरी खोली विचारत होते.

"हात देऊ का?"

वरच्या पायरीवरून एक तरुण वाकून विचारत होता. निळा शर्ट, केसांत पावसाचे थेंब, आणि डोळे असे की रागवायचं म्हटलं तरी थोडा वेळ लागावा.

"कायले? मले काय पाय नाई?"

"पाय आहेत जी. म्हणून तर हात विचारला."

रेणूला हसू आलं. ते लपवायला तिने विचारलं, "तुमी वकील का?"

"नाई... आरोपी."

"बापा! काय केलं?"

"मले तरी कुठं मालूम! नोटीस आली. म्हणते, मी एका पोरीचा पाय भाजला. आता सांगा, ज्याले पापड भाजता येत नाई तो—"

रेणूचं हसू ओठांवरच विरलं. "तुमी प्रितम भुरे? मोहाडीचं जोड्याचं दुकान?"

"हाव... पण तुमाले कसं..."

रेणूने चप्पल काढली आणि पाय पुढे केला. तळव्याच्या मधोमध चकतीएवढा तांबूस, चकाकणारा डाग होता. "हाच तो पाय," ती म्हणाली.

प्रितमने मान खाली घातली, आणि रेणू त्याचा हात न घेताच वर गेली.

झालं होतं ते असं. रेणू करडी गावच्या दूध संकलन केंद्रावर काम करायची. पौषातली पहाट, खाली गारठलेली फरशी, आणि पायांना भेगा. पोरीचे हाल बघवेनात म्हणून टिकारामांनी, तिच्या बाबांनी, मोहाडीहून बॅटरीवर गरम होणारे जोडे आणले. गावात तोवर असलं काही कुणी पाहिलं नव्हतं. रेणू मिरवली, मैत्रिणी जळल्या. आणि एका सकाळी दूध मोजता मोजता डाव्या जोड्यातून धूर निघाला. नाडी सुटेना, जोडा निघेना... निघाला तेव्हा सोबत कातडीही निघाली.

कंपनीचा माणूस चौकशीला आला. टिकारामांनी त्याला चहा पाजला आणि विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "सांजच्याले मी जोडे शेकोटीजवळ ठेवत होतो जी." थंडीत तिकडे घराघरात हेच चालतं, शेकोटीभोवती माणसं बसतात आणि माणसांच्या मागे जोडे. पण कंपनीने तेच धरलं. दोष मालाचा नाही, बापाचा!

टिकारामांना ते पटलं, हीच तर रड होती. पोरीचा पाय आपणच जाळला, असं त्यांच्या मनाने घेतलं. ते रेणूच्या पायाकडे बघेनात, जेवायला सोबत बसेनात. रेणूला भरपाईपेक्षा एकच गोष्ट हवी होती. चूक तिच्या बाबांची नाही, हे चार माणसांसमोर कुणीतरी ठणकावून सांगायला हवं होतं.

पुढच्या तारखेला प्रितम जिन्याखालीच उभा होता, हातात चहाचे दोन कप.

"दुश्मनाचा चहा मी पेत नाई."

"मग थंडा होऊ द्या. दुश्मनाचा थंडा चहा चालते का?"

तिने कप घेतला. तोंड वाकडं करून, पण घेतला. त्यानंतर तारखा पडत गेल्या आणि लोक तारखांना कंटाळतात तशी रेणू काही कंटाळली नाही. उलट तारखेच्या आदल्या दिवशी ती केस धुवायची. आई शकुनबाई विचारायची, "काहून वं, कोर्टात जाऊन राहिली का लग्नात?" रेणू म्हणायची, "कोर्टात नीटनेटकं जावं लागते."

प्रितम बोलका होता, पण तिचा पाय दिसला की गप्प व्हायचा. एकदा बसस्टँडवर, पळसाच्या फुलांसारखा तिचा लाल दुपट्टा वाऱ्याने त्याच्या खांद्यावर येऊन पडला, तेव्हा तो सोडवून देताना हळूच म्हणाला,

"दुकानात एक जोड उरला आहे. तुमच्या जोड्यांसंगच आलेला, सीलबंद. कंपनी वापस मांगून राहिली. म्हणते, दे, आणि आमच्याकडून बोल. नाईतर एजन्सी बंद."

रेणू त्याच्याकडे वळली. "मग... देऊन राहिले का तुमी?"

"तुमाले काय वाटते?"

"मले काय वाटते त्यानं काय होते?"

"त्यानंच तर होते सगळं," तो म्हणाला, आणि मग दोघंही नको तितका वेळ एसटीच्या पाटीकडे बघत राहिले.

शेवटच्या सुनावणीला पुन्हा थंडी पडली होती. टिकारामांच्या पिशवीत भंडाऱ्याच्या वच्छला आत्यासाठी घरची वांगी होती. नागपूरहून आलेला कंपनीचा वकील ऐटीत बोलत होता आणि शेजारी कंपनीचा इंजिनिअर मान डोलावत होता.

"मॅडम, आमचा जोडा कोमटपेक्षा गरम होतच नाही. शेकोटीमुळे बॅटरी बिघडली. वडिलांनी स्वतः कबूल केलंय."

टिकाराम उभे राहिले. हात जोडलेले. "हाव जी, चूक माझीच—"

"थांबा काका!" प्रितम पुढे आला. हातातली सीलबंद पेटी त्याने टेबलावर ठेवली. "या जोडानं कधी शेकोटी पाहिली नाई. माझ्या दुकानाच्या बाहेरबी आजच निघाला. साहेब म्हणतात कोमट, तर लावू चालू. परवानगी द्या मॅडम."

वकील चुळबुळला, पण इंजिनिअरला आपल्या मालाचा भारी भरवसा. "बघा की! खुशाल बघा," तो म्हणाला. अध्यक्ष मॅडमनी सील तपासायला लावलं, शिपायाला वाळूची बादली आणायला सांगितलं आणि मान हलवली.

प्रितमने बटण दाबलं. मग खाली बसून तो आपला मोजा काढू लागला. "मीच घालून दाखवतो. विकला मी, तर—"

"नाई!"

अख्ख्या दालनाने वळून पाहिलं. रेणू उभी राहिली होती. "पाय नका घालू! प्रितम, तुले माझी शपथ आहे... तुले जर काई झालं तर मी काय करू?"

आपण काय बोललो हे रेणूला उशिरा कळलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. पण मागे हटली नाही. बाबांच्या पिशवीत हात घालून तिने एक गुबगुबीत वांगं काढलं.

"पाय नको, वांगं घाला!"

अध्यक्ष मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "घाला," त्या म्हणाल्या.

वांगं जोड्यात गेलं. घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली. वकील हसत होता... मग त्याचं हसू कमी झालं. आधी नुसती वाफ, मग धुराची बारीक रेघ, आणि मग सगळ्या दालनात असा घमघमाट सुटला की शिपाई नकळत म्हणाला, "भरीत!"

बॅटरी वाळूत गेली. वांगं टेबलावर आलं. त्याच्या सालीवर मधोमध चकतीएवढा काळा डाग पडला होता, आणि रेणूने चप्पल काढून ते आपल्या तळव्याशेजारी धरलं. डाग तोच, तेवढाच. इंजिनिअर कधी वांग्याकडे, कधी पायाकडे बघत राहिला.

निकाल लागला तेव्हा मॅडमनी एक वाक्य मुद्दाम मोठ्याने वाचलं: दोष सर्वस्वी मालाचा, तक्रारदार आणि तिच्या वडिलांकडून कोणतीही चूक घडलेली नाही. कंपनीने भरपाई द्यावी आणि ते जोडे बाजारातून परत घ्यावेत.

"मॅडम, ते... मधातलं वाक्य फिरून वाचता का?" टिकाराम म्हणाले. मॅडमनी पुन्हा वाचलं.

बाहेर कोवळं ऊन पडलं होतं. टिकाराम ओट्यावर खाली बसले आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी लेकीचा पाय हातात घेतला. डागावरून खरखरीत अंगठा फिरवला. "लय दुखलं ना माय?"

"आता नाई दुखत बाबा," रेणू म्हणाली. आणि ते खरं होतं.

प्रितम थोडा दूर उभा होता. एजन्सी गेली होती त्याची, पण चेहऱ्यावर त्याचं काही नव्हतं. तो पुढे आला.

"काका... एक विचारू का? मी... म्हणजे रेणू हो म्हणत असन तर... मागणी घालाले येऊ का घरी?"

"मले कायले विचारतो? तिले विचार."

प्रितम तिच्याकडे वळला. जिन्यावर पहिल्या दिवशी चुरूचुरू बोलणारा पोरगा आता नुसता बघत होता.

"अजून विचारतच आहे!" रेणूचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "अरे, भर कोर्टात मी एवढी ओरडली, ते तुले ऐकू नाई आलं का? तू आवडते मले. लय आवडते. आता लिहून देऊ का?"

"मी तर तुमचा पाय पाहिला तेव्हापासूनच..." त्याने नुसता हात पुढे केला, आणि या वेळी रेणूने तो घट्ट धरला.

"लवकर ये बापू," टिकाराम उठत म्हणाले, "नाईतर फिरून ओरडन ते!" आणि करडीचा तो माणूस भंडाऱ्याच्या भर रस्त्यात खदखदून हसला.