लिंबाची सावली हलेना!

“हलू नको बश्या! नाकाची सावली गालावर पडू दे!” दिवा धरून प्रज्ञा ओरडली.

“मान अवघडली की माझी!” बसवराज कळवळला.

मुरुडच्या बाजारात त्याच्या गुरुलिंगकाकांचा फोटो स्टुडिओ होता. उन्हाळी सुट्टीत बसवराज आणि त्याच्या वर्गातली प्रज्ञा तिथे नाना प्रयोग करत. दिवा एका बाजूला धरला की निम्मा चेहरा अंधारात जाई आणि बसवराज थेट नाटकातला राजा दिसे. तोच दिवा हनुवटीखाली नेला की राजाचं भूत होई!

लातूर जिल्हा होऊन अजून वर्षही झालं नव्हतं आणि त्यात हा दुष्काळ. प्रज्ञाच्या वस्तीवरची विहीर आटली होती. टँकर यायचा, तोही फक्त सकाळी.

इतक्यात टँकरचे मुकादम साहेबराव आले. प्रज्ञाच्या वस्तीवर काकांकडून काढून घेतलेल्या टँकरच्या दोन फोटोंच्या पाठीवर त्यांनी घाईघाईने लिहिलं, ‘सकाळची खेप’, ‘संध्याकाळची खेप’.

“उद्या लातूरचे साहेब येणार हायत तपासणीला. तवर कडा कापून ठेवा,” म्हणत ते गेलेसुद्धा!

प्रज्ञा चमकली. “संध्याकाळची? आमच्याकडं संध्याकाळी टँकर येतच न्हाई!”

बसवराजने दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवले. एकात टँकर पुढून दिसत होता, दुसऱ्यात मागून. पण विहिरीकाठच्या कडुलिंबाची सावली दोन्हींत विहिरीवरच!

“सूर्य दिवसभर जागचा हललाच न्हाई व्हय?” तो ओरडला.

काका खजील झाले. “दोन्ही फोटो एकाच सकाळी काढले रे. टँकर तेवढा फिरवून लावला. मला वाटलं, हौस असंल!”

दुसऱ्या दिवशी फोटो न्यायला साहेबराव लातूरच्या साहेबांना घेऊन स्टुडिओत आले.

“मुकादमकाका, तुमचा बी एक फोटो काढू? फुकट!” प्रज्ञा म्हणाली.

साहेबराव मिशा पिळत स्टुलावर बसले. बसवराजने दिवा एका बाजूला धरला.

“साहेब, हा सकाळचा सूर्य. नाकाची सावली या गालावर.” मग दिवा दुसऱ्या बाजूला नेला. “हा संध्याकाळचा. सावली त्या गालावर!”

“लई झकास!” साहेबराव खूश झाले.

“मग या लिंबाचीच सावली का फिरली न्हाई?” प्रज्ञाने दोन्ही फोटो साहेबांपुढे धरले.

साहेबांनी फोटो पाहिले. मग साहेबरावांकडे पाहिलं.

“ते... लिंब लई जुना हाय, साहेब!” साहेबराव चाचरले.

साहेबांना हसू आवरेना. पण लगेच त्यांचा आवाज कडक झाला. “संध्याकाळचं पाणी जातं कुठं?”

“टँकरच्या ठेकेदाराच्या... मोसंबीच्या बागंला.”

त्याच दिवशी पाच वाजता टँकर वस्तीवर आला. ड्रायव्हरशेजारी साहेबराव अंग चोरून बसले होते. मागून साहेबांची जीप आली.

“नव्या जिल्ह्याला अशीच डोळस पोरं हवीत. शाबास!” साहेबांनी दोघांची पाठ थोपटली.

ऐटीत उभ्या राहिलेल्या बसवराजच्या हातात वस्तीतल्या पारूबाईंनी रिकामी घागर कोंबली.

“शाबासकी झाली न्हवं? आता व्हा रांगंत!”