दोघींची भाषा

कौशल्यरोपण प्रयोगशाळेतल्या खुर्चीवर शलाका वायदंडे बसली होती. शेवटच्या वर्षाची ही मुलगी गणितात पहिली यायची. पण मुलाखतीत तिची वाचाच बसायची. सात कंपन्यांनी तिला नाकारलं होतं.

"निष्णात वक्त्याच्या मेंदूतली चेतापेशींची जुळणी आपण हिच्यात उतरवणार," महाविद्यालयाच्या प्रकल्पप्रमुख डॉ. मृणालिनी खोत म्हणाल्या. "संभाषण, आत्मविश्वास. कुठल्याही नोकरीत लागतं ते."

"आणि जागा?" त्यांचे सहकारी डॉ. मुजावर म्हणाले. "मेंदूत रिकामी खोली नसते, मॅडम. नवी जुळणी जुनी पुसूनच बसते."

"तीन वर्षांत सर्वांत कमी वापरलेली पुसली जाते. आजवर कुणाचं सायकल चालवणं गेलं, कुणाचं पेटी वाजवणं. तक्रार कुणाचीच नाही."

मुजावरांनी तरीही शलाकाला विचारलं, तुझं काय पुसलं जाईल?

"पोहणं जाईल फार तर," ती म्हणाली. "जाऊ दे, सर. नोकरी लागल्याशिवाय घरी जायचं नाही असं ठरवलंय. तीन वर्षं आईला तोंड दाखवलेलं नाही."

आठव्या मुलाखतीत ती अशी बोलली, की अधिकाऱ्यांनी तिथेच तिची निवड केली. महाविद्यालयाने सत्कार ठरवला. शलाकाने शेजाऱ्यांकरवी आईला बोलावून घेतलं.

आई, हौसाबाई, जन्मापासून बहिरी. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. शलाका वर्षाची असताना वडील गेले. मग मायलेकींनी हातांच्या खुणांची आपली भाषा केली. ती इतर कुणाला येत नव्हती. शेजाऱ्यांची मजल 'जेवलीस का' याच्या पुढे गेली नव्हती. त्यांनी पत्त्याची चिठ्ठी देऊन तिला एसटीत बसवलं.

सभागृहाबाहेर शलाका अधिकाऱ्यांशी बोलत होती. आई धावतच आली आणि तिचे हात भराभर चालू लागले.

शलाकाला हात दिसत होते. संध्याकाळी ओट्यावर दोघी अशाच बोलायच्या, हसून लोळायच्या, हे लख्ख आठवत होतं. पण एकाही खुणेचा अर्थ लागेना. तिने स्वतःचे हात उचलले. ते तसेच हवेत राहिले.

"आई, थांब, ऐक ना माझं!"

आईने आजूबाजूच्या कोटवाल्या माणसांकडे पाहिलं. मग लेकीच्या खाली आलेल्या हातांकडे. तिने आपले हात पदराखाली घेतले.

शलाका प्रयोगशाळेत धावली. "मॅडम, ते काढा! माझी भाषा परत द्या!"

"जुनी पुसली गेली आहे, शलाका. ती भाषा येणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या मेंदूतून घेता येईल. कोण आहे?"

"फक्त आई."

"मग होईल की! आईकडून घेऊ," खोतबाईंचा चेहरा उजळला.

"त्यांची संमती लागेल," मुजावर हळूच म्हणाले. "मेंदूत शिरणार आहोत. का, कशासाठी, धोका काय, हे सगळं त्यांना समजेल असं सांगावं लागेल. त्यांच्या भाषेत."



शलाका बाहेर आली. आई फाटकापाशी, सगळ्यांपासून लांब जाऊन उभी होती. आपली ओळख कुणाला पटू नये, अशी पाठ करून.

"त्या बाई कोण?" एका अधिकाऱ्याने विचारलं.

"माझी आई," शलाका म्हणाली. आवाज जराही कापला नाही. शब्द स्वच्छ, खणखणीत, सगळ्या आवारात ऐकू गेले.

आई रस्त्याकडे बघत राहिली.